टर्पेंटाइनशिवाय तैलरंग: फळीपासून सहीपर्यंत

चित्रकाराच्या खोलीत शिरल्या शिरल्या नाकात भरतो तो वास बहुतेक जण तैलरंगाचा समजतात. तो असतो टर्पेंटाइनचा, नाहीतर त्याऐवजी वापरलेल्या व्हाइट स्पिरिटचा. जवसाच्या तेलाला मंद, दाण्याच्या जवळ जाणारा वास असतो आणि त्यानं कुणाचं डोकं दुखत नाही. तरीही दोन खोल्यांच्या घरात राहणारे, घरात तान्हं मूल किंवा दम्याचं माणूस असणारे कितीतरी हौशी चित्रकार त्या वासाच्या धास्तीनं तैलरंगाच्या वाटेलाच जात नाहीत. हा लेख त्यांच्यासाठी आहे. तैलरंग घरातल्या टेबलावर, खिडकीशेजारी, कुणालाही त्रास न देता वापरता येतो. तसा वापरला की त्याची खरी मजा कळते, असं मी अनुभवानं सांगतो.

आधी त्यामागचं कारण समजून घ्या, म्हणजे पुढच्या सगळ्या पायऱ्या आपोआप पटतील. तैलरंग पाणी उडून जाऊन वाळत नाही. जवस, अक्रोड, खसखस, करडई ही ‘वाळणारी’ तेलं आहेत. ती हवेतला प्राणवायू शोषून घेतात, त्यांचे रेणू एकमेकांत गुंततात आणि रंगाची चिवट साय धरते. म्हणजे तेल चित्रातच राहतं. टर्पेंटाइन मात्र रंग पातळ करतं आणि जवळजवळ सगळं खोलीच्या हवेत उडतं. त्याची कामं दोनच: रंग पातळ करणं आणि ब्रश धुणं. ही दोन्ही कामं थोडं तेल, फडकं आणि साबण करू शकतात.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. टर्पेंटाइन चिडाच्या राळेपासून निघतं, म्हणजे ते अगदी ‘नैसर्गिक’ आहे, तरी त्याच्या वाफेनं डोळे-घसा चुरचुरतो आणि कातडीला ॲलर्जी होऊ शकते. संत्र्याच्या सालीपासून काढलेली सुगंधी द्रावणं ‘ग्रीन’ म्हणून विकली जातात, तीही कातडीला बाधू शकतात. त्यामुळे बाटलीवरचं पान-फूल पाहून भुलू नका. हवेत काय उडतं, मोरीत काय जातं आणि आपण किती वापरतो, हे तीन प्रश्न विचारा.

तेल कोणतं घ्यायचं

आपल्याकडे या बाबतीत फार मोठी सोय आहे. जवस विदर्भात पिकतो आणि करडई मराठवाडा-सोलापूरच्या रब्बीच्या रानात. युरोपातले चित्रकार ज्या दोन तेलांवर काम करतात, ती दोन्ही आपल्या शेतातून येतात. जवसाचं तेल लवकर वाळतं आणि चिवट थर देतं, पण थोडं पिवळं पडतं. करडईचं तेल कमी पिवळं पडतं, म्हणून रंगाचे कारखानदार पांढऱ्या आणि फिक्या रंगांत ते बऱ्याचदा वापरतात. मात्र ते सावकाश वाळतं आणि त्याचा थर जरा मऊ राहतो. खालच्या थरांना जवस आणि वरच्या उजळ रंगांना करडई, ही वाटणी मला योग्य वाटते.

रंगाच्या दुकानात ‘रिफाइंड लिनसीड ऑइल’ मिळतं, ते बिनधास्त घ्या. लाकडी घाण्याचं जवस तेल वापरायचं असेल तर त्यातला बुळबुळीत चिकटा काढावा लागतो. काचेच्या बरणीत एक भाग तेल, एक भाग पाणी, चमचाभर मीठ आणि मूठभर धुतलेली बारीक वाळू घालून जोरात हलवा. रात्रभर ठेवलं की खाली पाणी, मध्ये पांढुरका गढूळ पट्टा आणि वर तेल असे थर दिसतात. वरचं तेल अलगद काढून घ्या आणि पुन्हा पाणी घालून हेच करा. पाणी स्वच्छ निघेपर्यंत, साधारण चार-पाच वेळा, हे चालू ठेवायचं. मग तेल उन्हात ठेवायचं. झाकण लावून ठेवलं तर फक्त रंग उतरून ते फिकं होतं. वर मलमल बांधून ठेवलं आणि रोज ढवळलं तर दाटही होतं. उन्हाळ्यातल्या तीन-चार आठवड्यांत गडद सोनेरी तेल फिक्या पेंढ्याच्या रंगावर येतं. हे काम मला रंगवण्याइतकंच आवडतं. खिडकीतली बरणी रोज थोडी उजळ होताना बघण्यात वेगळंच सुख आहे.

खाण्याच्या तेलांत पुष्कळदा टिकाऊपणासाठी काही मिसळलेलं असतं. करडईच्या काही नव्या वाणांचं तेल तर हृदयाला चांगलं म्हणून असं बनवलेलं असतं की ते वाळतच नाही. म्हणून कुठलंही तेल चित्रात घालण्याआधी त्याचा एक थेंब काचेवर बोटानं पातळ पसरवून उजेडात ठेवा. कोरड्या हवेत जवसाचं तेल आठवड्याभरात बोटाला न चिकटण्याइतकं वाळायला हवं. करडईला थोडे जास्त दिवस द्या. पंधरा-वीस दिवसांनीही तेल चिकट असेल तर ते फोडणीला वापरा. शेंगदाणा, खोबरेल, मोहरी ही तेलं रंगात कधीही घालायची नाहीत, ती वाळणाऱ्यांपैकी नाहीत.

रंग: पाच पुरेत

टिटॅनियम पांढरा, पिवळी माती म्हणजे यलो ऑकर, गेरू, अंबर म्हणजे गडद तपकिरी माती आणि अल्ट्रामरीन निळा. एवढ्या पाच रंगांत पहिली कितीतरी चित्रं होतात.

यातले तीन तर सरळ मातीचे रंग आहेत. लोहाच्या संयुगांमुळे त्यांना रंग येतो आणि उजेडानं ते उडत नाहीत. अजिंठ्याच्या भिंतींवरचे लाल आणि पिवळे हे असेच मातीचे आहेत आणि तिथला हिरवाही सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात सापडणाऱ्या हिरव्या खनिजाचा आहे. ती चित्रं तैलरंगातली नाहीत, पण रंगद्रव्य किती टिकतं याचा त्याहून चांगला पुरावा कुठे शोधायचा? तिथला निळा मात्र लाजवर्द दगडाचा, लांबून आणलेला. आजचा अल्ट्रामरीन त्याच जातीचा, पण कारखान्यात पांढरी माती, सोडा आणि गंधक भाजून बनवलेला असतो आणि तो फारसा घातक नाही.

ट्यूबच्या मागे बारीक अक्षरात रंगद्रव्याचा सांकेतिक क्रमांक छापलेला असतो. रंगाचं नाव न वाचता हा क्रमांक वाचायची सवय लावा. टिटॅनियम पांढरा म्हणजे पीडब्ल्यू ६, अल्ट्रामरीन पीबी २९, अंबर पीबीआर ७, नैसर्गिक पिवळी माती पीवाय ४३, कारखान्यातली पीवाय ४२, गेरूच्या जातीचे लाल पीआर १०१ आणि १०२. पीडब्ल्यू १ म्हणजे शिशाचा पांढरा, घरात नकोच. पीडब्ल्यू ४ म्हणजे जस्ताचा पांढरा. तो कालांतराने ठिसूळ होतो आणि पाण्यातल्या जीवांना घातक आहे, म्हणून मी तोही घेत नाही. ‘कॅडमियम’ नावाच्या रंगांचीही गरज नाही. तळपता पिवळा हवा असेल तर पीवाय ७४ आणि झगझगीत लाल हवा असेल तर पीआर २५४ घ्या. हे दोन्ही प्रयोगशाळेत जन्मलेले रंग आहेत, पण त्यांत जड धातू नाहीत. पर्यावरणाची काळजी म्हणजे फक्त ‘नैसर्गिक’ वस्तू असं मी मानत नाही. शिसं नैसर्गिकच आहे.

याच कारणासाठी हळद, बीट, पळसाची फुलं, जास्वंद तैलरंगात घालू नका. ती रंगाची पूड तेलात मिसळल्यावर सुंदर दिसते, पण उजेडात काही दिवसांत विटते. महिनाभर खपून केलेलं चित्र सहा महिन्यांत फिकं पडलं तर त्यात निसर्गाचंही काही भलं होत नाही.

गेरू घरी घोटणं

१८४१ साली जॉन रँड या अमेरिकन चित्रकारानं दाबून रंग काढायच्या धातूच्या ट्यूबचं पेटंट घेतलं. त्याआधी चित्रकाराच्या घरी, बहुतेकदा त्याच्या शिष्याच्या हातून, रंग घोटले जात. सगळे रंग घरी करायची गरज नाही, पण एक तरी स्वतः घोटून पाहा. त्याला गेरूइतका चांगला दुसरा नाही.

दिवाळीच्या आधी बाजारात मिळणाऱ्या गेरूच्या पुडीत कधी कधी रंग मिसळलेला असतो. चमचाभर पूड ग्लासभर पाण्यात ढवळून रात्रभर ठेवा. सकाळी गेरू तळाशी आणि वर नितळ पाणी असेल तर तो खरा. पाणी लाल-गुलाबीच राहिलं तर ती पूड अंगणापुरतीच ठेवा. शक्यतो गेरूचा खडा घ्या. कोकणात आणि गोव्यात जांभ्याची तांबडी मातीही चालते, तिच्यात लोह भरपूर असतं. मूठभर मातीत दोन-तीन चित्रं होतात, तेव्हा पोतं भरून आणू नका.

खडा खलबत्त्यात कुटा. कुटताना तोंडाला मास्क हवाच, कारण कुठल्याही रंगाची कोरडी पूड फुप्फुसात जाऊ द्यायची नाही. कुटलेली पूड बादलीभर पाण्यात ढवळून मिनिटभर थांबा. जड वाळू लगेच खाली बसते. वरचं लाल पाणी दुसऱ्या भांड्यात ओता आणि दिवसभर निवळू द्या. तळाशी बसलेला मऊ साका हा आपला रंग. वरचं नितळ पाणी झाडांना घाला, साका ताटात पसरून सावलीत वाळवा, पुन्हा चुरा आणि वस्त्रगाळ करा.

आता घोटायचं. जाड काच घ्या, शक्य तर तिच्यावर थोडी खरखर हवी. त्या काचेवर साधारण ५० ग्रॅम गेरूचा ढीग करून मध्ये आळं करा आणि त्यात टेबलस्पूनभर जवसाचं तेल घाला. पॅलेट नाइफनं, म्हणजे रंग कालवायच्या बोथट सुरीनं, कालवायला लागलं की पहिल्यांदा वाटतं, तेल अजिबात पुरणार नाही. लगेच आणखी ओतू नका. दाबून दाबून कालवत राहिलं की कोरडी पूड ओलावते आणि एकदम मऊ पडते. खरंच अपुरं वाटलं तर थेंब थेंब वाढवा. मग काचेचा मुलर, म्हणजे रंग घोटायचा सपाट बुडाचा बत्ता घ्या, तो नसेल तर सपाट बुडाची जड काचेची वस्तू घ्या, आणि मराठी चारच्या आकड्यासारखी वळणं घेत घोटा. खरखर आवाज हळूहळू कमी होतो आणि काचेवरचा थर चमकू लागतो. घट्ट श्रीखंडासारखा, नाइफवरून न ओघळणारा रंग झाला की थांबा. रंग पातळ झाला तर तेल जास्त झालं. आणखी गेरू घाला. रिकाम्या ॲल्युमिनियमच्या ट्यूबमध्ये किंवा छोट्या बरणीत भरून वरून बटर पेपर चिकटवून ठेवला तर तो बरेच दिवस टिकतो.

ट्यूबमधला रंग आणि हा रंग एकाच फळीवर शेजारी लावून बघा. हातानं घोटलेल्याचा पोत जरा भरड असतो, त्यामुळे उजेड त्यावर वेगळा खेळतो. कातळ, माती, मडकं, वाळकं गवत रंगवताना त्याला तोड नाही.

फळी तयार करणं

बाजारातल्या कॅनव्हासवर बहुतेक वेळा ॲक्रिलिकचा म्हणजे प्लॅस्टिकचा लेप असतो. सुताराकडे उरलेला ६ मिलिमीटर जाडीचा प्लायचा तुकडा आणि वारभर मांजरपाट यांत याहून भक्कम फळी होते. ८ बाय १० इंचांपासून सुरुवात करा.

मांजरपाट गरम पाण्यात धुऊन त्याची खळ काढून टाका, म्हणजे तो आटायचा तेवढा आधीच आटेल. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा सरस ३० ग्रॅम घेऊन ३०० मिली पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी भांडं गरम पाण्यात ठेवून तो विरघळवा. उकळू द्यायचा नाही, उकळला की त्याची पकड जाते. प्लायला एक हात मारा, कापड कोमट सरसात बुडवून त्यावर पसरा आणि तळहातानं मधून कडेकडे दाबत हवा काढा. कापडाच्या कडा दीड इंच मागे वळवून चिकटवा. दोन दिवस वाळू द्या. प्लायच्या वरच्या पापुद्र्याला पुढे बारीक चिरा पडतात, कापडामुळे त्या चित्रापर्यंत पोचत नाहीत.

लेपासाठी उरलेला सरस पुन्हा कोमट करून त्यात व्हाइटिंग पावडर, म्हणजे खडूची पूड, चाळणीनं भुरभुरत टाका. ती पृष्ठभागावर कोरडी दिसू लागली की पुरे. मापानं सरसाच्या साधारण दीडपट बसते. शाळेचे खडू कुटून घालू नका, ते बऱ्याचदा जिप्समचे असतात. फेटू नका, बुडबुडे होतात. गाळून चार-पाच पातळ हात द्या, एक आडवा तर दुसरा उभा. वाळल्यावर बारीक पॉलिश पेपरनं घासा, मास्क लावून. शेवटी निम्मं पाणी घातलेल्या सरसाचा एक हात द्यायला विसरू नका. नाहीतर हा लेप रंगातलं तेल पिऊन घेतो आणि चित्र निस्तेज, भुकटीसारखं दिसतं.

सरस प्राण्यांच्या कातडी-हाडांपासून होतो. ज्यांना तो नको असेल त्यांनी दुकानातला ॲक्रिलिक जेसो, म्हणजे तयार पांढरा लेप, वापरावा. तो प्लॅस्टिक आहे, म्हणून दोनच पातळ हात द्यावेत आणि ब्रश धुतलेलं पाणी निवळून खालचा गाळ सुक्या कचऱ्यात टाकावा.

मांडणी आणि पहिली बैठक

या पाच रंगांना सगळ्यात शोभणारी मांडणी म्हणजे तांब्याचा तांब्या आणि दोन लाल कांदे. खाली धुवट पांढरं कापड. उजेड एकाच बाजूनं, शक्यतो उत्तरेच्या खिडकीतून येऊ द्या. तांब्या चिंचेनं लख्ख घासू नका. थोडा काळवंडलेला असेल तर छटा जास्त मिळतात.

पहिल्या बैठकीत फक्त अंबर लागतं. ट्यूबमधला रंग जसाच्या तसा, तेलाचा थेंबही न घालता, डुकराच्या केसांच्या राठ ब्रशनं फळीवर घासा. नंतर फडक्यानं सगळीकडे चोळून त्याचा पातळ तपकिरी पडदा करा. इथे टर्पेंटाइनची आठवण येईल, कारण पूर्वी हा थर पातळ करायला तेच वापरत. राठ ब्रश आणि फडकं तेच काम करतात, फक्त मनगटाला थोडा जोर लागतो. मग बारीक ब्रशनं आकार आखा आणि जिथे उजेड हवा तिथून कोरड्या फडक्यानं रंग पुसून काढा: तांब्याच्या पोटाची उजेडाकडची बाजू, कांद्यांचे माथे, कापडाच्या घड्या. अर्ध्या तासात तपकिरी-पांढऱ्यात अख्खं चित्र समोर उभं राहतं. पुसून चित्र काढण्याचा हा आनंद दुसऱ्या कुठल्या माध्यमात इतका मिळत नाही. चूक झाली तरी पुन्हा अंबर चोळायचं आणि पुन्हा पुसायचं.

अंबरमध्ये मँगनीज असतं आणि त्यामुळे तेल लवकर वाळतं. कोरड्या दिवसांत हा थर दोन-तीन दिवसांत हाताला लागत नाही. पावसाळ्यात, विशेषतः कोकणपट्टीत, याच्या दुप्पट वेळ धरा.

दुसरी बैठक

आता रंग. पॅलेटवर ब्रशनं मिसळत बसू नका, नाइफनं मिसळा. ढीग स्वच्छ राहतात आणि ब्रश धुण्याचा निम्मा त्रास वाचतो. आधी पाच-सहा मुख्य छटा तयार करून ठेवा. सावलीतला तांबा म्हणजे गेरू आणि अल्ट्रामरीन. उजेडातला तांबा म्हणजे गेरू, पिवळी माती आणि थोडा पांढरा. कांद्याची साल म्हणजे गेरू, किंचित निळा आणि पांढरा. या तिघांचं प्रमाण हलवलं की वांगी-गुलाबी ते जांभळ्या तपकिरीपर्यंत सगळं मिळतं. कापडाच्या सावलीला पांढऱ्यात अल्ट्रामरीन आणि अंबरचा लहानसा ठिपका.

गडद भाग पातळ लावा, उजेडाचे भाग जाड. हा जुना नियम आहे आणि टर्पेंटाइनशिवाय काम करताना तो फार उपयोगी पडतो. दुसरा नियम असा की वरच्या थरात खालच्यापेक्षा तेल थोडं जास्त असावं, नाहीतर वरचा थर आधी वाळतो आणि खालचा हलू लागला की त्याला तडे जातात. पहिल्या दोन बैठकींत फक्त ट्यूबमधलंच तेल, पहिलीत तर पुसून उरेल तेवढंच, आणि तिसरीत थोडं वरून, इतकं पाळलं तर हा नियम सांभाळला जातो.

इथेच तांब्याकडे नीट बघा. कांद्यावरचा चमकता ठिपका खिडकीच्या उजेडाचा, पांढरट-निळसर असतो. तांब्यावरचा ठिपका मात्र उबदार असतो, कारण धातू परतवलेल्या उजेडाला स्वतःचा रंग देतो. त्यामुळे कांद्यावर पांढऱ्यात अल्ट्रामरीनचा अंश आणि तांब्यावर पांढऱ्यात पिवळ्या मातीचा. दोन्हीकडे एकच पांढरा लावला की तांब्या चिनी मातीचा दिसू लागतो. तांब्याच्या पोटावर खालच्या कापडाचं आणि शेजारच्या कांद्याचं लालसर प्रतिबिंब पडलेलं असतं, तेही शोधा. ते मोठ्या ब्रशनं एकदाच लावा आणि सोडून द्या.

तिसरी बैठक

चार-पाच दिवसांनी, पांढरं जास्त असेल तर आठवड्यानं, पुन्हा बसा. वाळलेल्या रंगावर ब्रश अडखळतो. त्याला उपाय असा: स्वच्छ फडक्यावर जवसाच्या तेलाचे दोन-तीन थेंब घेऊन ज्या भागावर काम करायचं तेवढ्यावरच चोळा आणि लगेच दुसऱ्या कोरड्या फडक्यानं जवळजवळ सगळं पुसून टाका. जो ओलसरपणा उरतो तो पुरेसा आहे. निस्तेज झालेले गडद भागही त्यानं पुन्हा जागे होतात. तेलाचा तवंग ठेवलात तर पुढे तो पिवळा पडेल.

उजेडाचा जाड रंग हवा असेल तर व्हाइटिंग पावडर जवसाच्या तेलात मळून तिचा गोळा करा. सुतार फटी बुजवायला जी लांबी, म्हणजे पुटी, वापरतात तीच ही. तेलात खडूचा पांढरेपणा मावळतो आणि तो अर्धपारदर्शक होतो, त्यामुळे रंगात थोडा मिसळला तर रंग न बदलता अंग येतं. सतराव्या शतकातल्या व्हेलास्केथ या स्पॅनिश चित्रकाराच्या चित्रांच्या तपासणीतही रंगात खडूच्या जातीचं द्रव्य मिसळलेलं आढळलं आहे. बाजारातल्या चकाकत्या राळेच्या मिश्रणांपेक्षा मला हा गोळा अधिक प्रामाणिक वाटतो, आणि स्वस्त तर आहेच.

ब्रश, चिंध्या आणि मोरी

पर्यावरणाच्या नावानं केलेलं सगळं काम इथे एका मिनिटात वाया जाऊ शकतं, म्हणून ही पायरी घाईत उरकू नका.

काम संपलं की ब्रश आधी जुन्या वर्तमानपत्रात दाबून पुसा. बहुतेक रंग इथेच निघायला हवा. मग करडईच्या तेलात बुडवून पुन्हा पुसा. दोन-तीनदा असं केलं की ब्रश जवळजवळ स्वच्छ होतो. शेवटी कोमट पाणी आणि खोबरेलाचा साबण तळहातावर घेऊन ब्रश फिरवा, फेस पांढरा येईपर्यंत. केसांना बोटांनी टोक देऊन आडवे वाळवा. ब्रश धुतलेलं तेल फेकू नका. बरणीत दोन दिवसांत रंग तळाशी बसतो आणि वरचं तेल पुन्हा धुण्याच्या कामी येतं. तळाचा गाळ आणि रंगाचे कागद पसरून वाळले की तो सुका कचरा. जड धातूंचे रंग किंवा जुने रंगाचे डबे असतील तर ते वेगळे ठेवा. २०१६ च्या घनकचरा नियमांत रंगाचे टाकाऊ डबे घरगुती घातक कचऱ्यात धरले होते. मोरीत रंग जाऊ द्यायचा नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. जवसाच्या तेलानं माखलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात किंवा कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता निघते. बोळ्यात ती कोंडते आणि फडकं आपोआप पेटू शकतं, जवळ काडी नसतानाही. उन्हाळ्यात तर अधिकच. प्रत्येक फडकं उघड्यावर एकेरी पसरून किंवा दोरीवर टांगून पूर्ण कडक होईपर्यंत वाळवा, नाहीतर पाणी भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात बुडवून ठेवा. घरातल्या सगळ्यांना हे सांगून ठेवा.

पॅलेटवर उरलेला रंग खरवडून एकत्र करा. पाचही रंगांची ही खरवड करडी-तपकिरी निघते. पुढच्या फळीला पहिला पातळ थर द्यायला ती उत्तम. उद्या पुन्हा बसणार असाल तर पॅलेटवरच्या ढिगांच्या शेजारी लवंग तेलाचा एक थेंब कापसाच्या बोळ्यावर टाकून वरून डबा उपडा घाला. रंग एक-दोन दिवस जास्त ओले राहतात. रंगात मात्र ते घालू नका.

वाळवणं आणि जपणं

चित्र अंधाऱ्या कपाटात ठेवू नका. जवसाचं तेल अंधारात पिवळं पडतं. पडलंच तर काही दिवस उजेडात ठेवल्यावर बरंचसं उतरतं. वाऱ्याच्या, उजेडाच्या, पण थेट ऊन न येणाऱ्या भिंतीवर लावा. हाताला कोरडं लागलं तरी आतून घट्ट व्हायला महिने लागतात.

वॉर्निशच्या बाबतीत मी सरळ सांगतो: नेहमीची वॉर्निशं द्रावणातच विरघळवलेली असतात आणि तैलरंगावर पाण्याच्या ॲक्रिलिक वॉर्निशची शिफारस मी करणार नाही. हातानं घोटलेल्या मातीच्या रंगांना तो चकाकता थर नसला तरी काही बिघडत नाही. धूळ फार असेल, चूल-फोडणीची वाफ पोचत असेल, तर चित्र काचेच्या चौकटीत बसवा; मात्र काच रंगाला टेकू नये म्हणून मध्ये लाकडी पट्टी घाला. वॉर्निश हवंच असेल तर सहा महिने ते वर्षभर थांबा आणि ते काम गच्चीवर, मोकळ्या हवेत, एकदाच करा.

सही ओल्या रंगात, बारीक ब्रशनं, अंबरमध्ये करा. मागच्या बाजूला पेन्सिलनं तारीख, वापरलेली तेलं आणि रंगांचे क्रमांक लिहून ठेवा. पुढे कुणाला चित्र दुरुस्त करायचं झालं तर ही माहिती फार कामाची ठरते. सरस दमट हवेत ओल धरतो आणि बुरशी येऊ शकते, म्हणून चौकटीच्या मागच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांत बाटलीच्या बुचाचे काप चिकटवा. चित्र भिंतीपासून थोडं सुटं राहतं आणि पावसाळ्यात मागून हवा खेळते.